झेन १९९७ (कार्बोरेटर): गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल, रिअर सील की आणखी काही?

झेन_एमएच१५

नमस्कार मंडळी. गाडी मारुती झेन, १९९७ची, कार्बोरेटरची, पेट्रोल. १ लाख ३८ हजार कि.मी. झालेत, इंजिन आजवर उघडलेलं नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आठ-दहा थेंब दिसतात. डाग डाव्या बाजूला पडतो, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या बरोबर खाली. ऑइल २०डब्ल्यू-५० आहे. मागच्या १००० कि.मी.त साधारण ४०० मिलि वरून टाकावं लागलं. नाशिकच्या द्वारकेच्या सिग्नलला अडकलं की बॉनेटमधून जळका वास येतो. ऑइलचा लाल दिवा गाडी सुरू झाल्यावर लगेच विझतो. क्लच घसरत नाही.

एका गॅरेजमध्ये खालून बघून सांगितलं की रिअर क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं ऑइल सील) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मग क्लचही बदलून घ्या. दुसरीकडे सांगितलं, जुनी गाडी आहे, ऑइल आणखी जाड टाका आणि लीक बंद करणारी बाटली ओता.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी घरी काय काय तपासता येईल? १० ते १७ पाने, गोटी सेट, जॅक आणि दोन घोड्या (जॅक स्टँड) आहेत.

दहाबाराचा_पाना

भाऊ, गिअरबॉक्स उतरवायची घाई अजिबात करू नका. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) डाव्या टोकाला, कॅमशाफ्टच्या शेवटाला बसतो. म्हणजे तो बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) डोक्यावरच येतो. त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. ती कडक होऊन चपटी झाली की ऑइल हेडच्या कडेने ओघळतं, बेल हाउसिंगवर पसरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून खाली टपकतं. रॅम्पखाली उभं राहून बघणाऱ्याला फक्त ओला सांधा दिसतो आणि तो रिअर सील म्हणून मोकळा होतो. मग गिअरबॉक्स उतरतो, नवं सील बसतं आणि आठवड्यात तोच थेंब त्याच जागी. तुमचं रिअर सील गेलं नसेलच असं म्हणत नाही. पण तपास वरून खाली करत यायचा आणि रिअर सीलवर शेवटी पोचायचं.

पहिल्यांदा हे इंजिन ऑइलच आहे ना ते बघा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनने आखा. सकाळी थेंब बोटावर घेऊन वास घ्या. इंजिन ऑइल काळपट असतं आणि जळकट वास देतं. गिअर ऑइल जास्त चिकट, मधासारखं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. थेंब गिअर ऑइलचा निघाला तर चौकशी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट सीलची आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सीलांची करायची, इंजिनाची नाही.

इंजिन ऑइलच असेल तर पुढची पायरी धुण्याची, आणि ती टाळून चालणार नाही. २५ वर्षांचा चिखल-तेलाचा थर असताना कुठून गळतंय ते कुणालाच सांगता येत नाही. इंजिन पूर्ण थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. डिग्रीझर फवारा, तो नसेल तर रॉकेल आणि जुना रंगाचा ब्रश. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, घासा, फडक्याने पुसा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जेटने इंजिन धुऊ नका, पाणी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये शिरतं आणि मग गाडी सुरूच होत नाही. रॉकेल पूर्ण उडून जाईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. गरम एक्झॉस्टवर रॉकेल म्हणजे सरळ आग.

कोरडं झाल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा: टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) पूर्ण कड, डिस्ट्रिब्युटरचं बूड, ऑइल प्रेशर स्विचच्या भोवती, फिल्टरची कड, डिपस्टिकची नळी जिथे ब्लॉकमध्ये जाते तो सांधा, चेंबरची (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या पत्र्याच्या भांड्याची) कड आणि बेल हाउसिंगचा वरचा भाग. फॅन आणि बेल्टच्या बाजूला कमी टाका, नाहीतर सगळीकडे उडेल. इंजिन जागेवर दहा मिनिटं चालवा, बंद करून टॉर्चने बघा. मग पंधरा-वीस कि.मी. चालवून या आणि पुन्हा बघा. पावडरीवर जिथे सगळ्यात वर ओली रेघ सुरू होते तीच गळतीची जागा. त्याखालचं सगळं ओघळ. चालत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे फेकलं जातं, त्यामुळे पहिली तपासणी उभ्या गाडीवर करणं महत्त्वाचं.

रिअर सीलची खूण वेगळी असते. बेल हाउसिंगचा वरचा आणि बाजूचा भाग पूर्ण कोरडा, आणि ऑइल फक्त तळाच्या फटीतून, आतून येतंय असं दिसलं तरच त्याच्यावर संशय घ्या.

गाडीखाली शिरायचं तर घोड्या लावूनच, नुसत्या जॅकवर नाही. विटाही नकोत, त्या न सांगता फुटतात.

घाट_उतार

वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या आकड्यांत एक गोष्ट जुळत नाही. तेलाच्या एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने वीस ते तीस थेंब येतात. रोज रात्री दहा थेंब म्हटले तर महिन्याला तीनशे, म्हणजे फार तर पंधरा मिलि. तुम्ही टाकलेत ४०० मिलि. उरलेलं ऑइल एकतर गाडी चालताना, ऑइल गरम आणि दाबाखाली असताना बाहेर पडतंय, किंवा सिलिंडरमध्ये जळतंय. कदाचित दोन्ही.

जळतंय का ते धुरावरून कळतं. मागे कुणाला तरी बसवून बघायला लावा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. कसाऱ्यासारख्या उतारावर गिअरमध्ये पाय सोडून उतरल्यावर, परत अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला तरी व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. चढाला जोर लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. स्पार्क प्लग काढून बघा. एखाद्याच प्लगवर ओलसर काळा थर असेल तर तो सिलिंडर ऑइल खातोय.

आणि कुठलंही सील बदलण्याआधी क्रँककेसमधला दाब तपासा. रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरपासून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. हा व्हॉल्व्ह काजळीने चिकटला की गॅस अडकतो, आतला दाब वाढतो आणि जिथे रबर कमजोर तिथून ऑइल ढकललं जातं. अशा गाडीत एक सील बदललं की महिन्याभरात दुसरं गळतं आणि लोक सीलच्या कंपनीला दोष देतात.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. मोजा किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुगून उभा राहिला तर आत दाब आहे. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. खडखडत नसेल तर कार्ब क्लीनरने धुवा, तरी मोकळा झाला नाही तर नवा घ्या. पाइपही दाबून बघा. तेलाने फुगून मऊ पडलेली पाइप व्हॅक्युमने आतल्या आत चपटी होते आणि वरून मात्र धडधाकट दिसते.

व्हॉल्व्ह चांगला असूनही मोजा फुगतोय आणि एअर फिल्टरच्या डब्यात ब्रीदरच्या नळीपाशी ऑइल साचलंय, तर रिंगा झिजल्यात. मग कॉम्प्रेशन मोजून घ्या: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद केलेलं. चारही आकडे एकमेकांपासून १ किलोच्या (प्रति चौरस सें.मी.) आत हवेत आणि कुणीही १२ किलोच्या खाली नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

निफाडचा_गारठा

जाड ऑइल आणि बाटली यांबद्दल.

२०डब्ल्यू-५० आपल्या उन्हाळ्याला पुरेसं जाड आहे, त्याच्या पुढे जायचं कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो. त्या गारठ्यात जाड ऑइल सुरुवातीला वर हेडपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि कॅमला जी झीज होते ती याच काळात. गळतीचा थेंब थोडा बारीक दिसतो, एवढाच फायदा.

लीक बंद करणाऱ्या बाटल्यांत रबर फुगवणारी रसायनं असतात. कडक पडलेल्या सीलला ती काही दिवस मऊ करतात, म्हणून फरक पडल्यासारखा वाटतो. ओ-रिंग चपटी झाली असेल, पॅकिंग फाटलं असेल किंवा सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडली असेल तर बाटलीने काहीच होत नाही. शिवाय ते रसायन चांगल्या सीलांनाही गरजेपेक्षा जास्त फुगवतं. १ लाख ३८ हजार झालेल्या, कधीच न उघडलेल्या इंजिनात फ्लशिंगचं औषधसुद्धा टाकू नका. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. साधं चांगलं ऑइल दर ५००० कि.मी.ला बदलत राहिलात तर गाळ सावकाश, सुरक्षितपणे निघतो.

आणखी एक, कार्बोरेटरवाल्यांसाठी खास. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतोय का? ऑइलची पातळी न टाकता वाढलीय का? कॅमवर चालणाऱ्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि जिथे फट नव्हती तिथूनही गळायला लागतं. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून हे बघून घ्याच. असं असेल तर पंप दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंगा उडतात.

झेन_एमएच१५

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवारी सांगितल्याप्रमाणे केलं. निकाल असे:

पुठ्ठ्यावरचा थेंब काळा, गंधकाचा वास नाही, म्हणजे इंजिन ऑइल. डिपस्टिकला पेट्रोलचा वास नाही. धूर नाही, चारही प्लग कोरडे, तपकिरी.

पावडर टाकून जागेवर दहा मिनिटं चालवल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाखाली ओला अर्धचंद्र दिसला. त्र्यंबक रोडने वीस कि.मी. फिरवून आणल्यावर तिथून बेल हाउसिंगपर्यंत सरळ ओघळ होता. टॅपेट कव्हरचीही एक्झॉस्टकडची कड एका कोपऱ्यात ओली आहे, तिथली पावडर करपून तपकिरी झालीय. बेल हाउसिंगचा तळ पुसून परत चालवलं तेव्हा आतून काही आलं नाही.

मोजा फुगला. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला तर आवाज शून्य. कार्ब क्लीनरने दोनदा धुतल्यावर खडखडायला लागला आणि आता मोजा आत ओढला जातो. पाइप मऊ पडली होती, ती बदलली.

आता ओ-रिंग आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येईल का? इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बिघडायची भीती वाटते. आणि चेंबरचा नटही ओलसर आहे, त्याचं काय करू?

दहाबाराचा_पाना

उत्तम काम केलंत. जळक्या वासाचा उगम तो टॅपेट कव्हरचा कोपरा, आणि थेंबाचा उगम ओ-रिंग. दोन्ही घरी होण्यासारखी कामं आहेत, एका सकाळचं काम.

डिस्ट्रिब्युटर आधी घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कॅप तारांसकट बाजूला करा, तारा उपटू नका म्हणजे फायरिंगचा क्रम चुकायचा प्रश्नच येत नाही. आता रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यानंतर धारदार टोकाने डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून हेडवर जाणारी एक सलग रेघ ओढा. पेनची रेघ पुरत नाही, ऑइलच्या हाताने पुसली जाते. तुमचं टायमिंग या रेघेत आहे. व्हॅक्युमची नळी आणि वायरचा कप्लर काढा, धरून ठेवणारे बोल्ट खोला आणि डिस्ट्रिब्युटर हलकासा फिरवत सरळ बाहेर ओढा. अडकला तर पान्याने ठोकायचं नाही, कडेने डब्ल्यूडी-४० मारून पाच मिनिटं थांबा. तो बाहेर असताना चावी फिरवायची नाही, गाडी ढकलायचीही नाही.

जुनी ओ-रिंग लाकडी काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नवी रिंगही तिथूनच गळेल. खाच आणि हेडचं भोक पेट्रोलच्या फडक्याने स्वच्छ करा, पण फडक्याचे दोरे आत राहू देऊ नका. नव्या रिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि पीळ न पडता खाचेत बसवा. मग डिस्ट्रिब्युटर आत सरकवा. शाफ्टच्या टोकाचे दात कॅमशाफ्टच्या खाचेत बसले की तो शेवटपर्यंत आपोआप जातो. चार-पाच मि.मी. बाहेर राहत असेल तर बोल्ट आवळून बसवायचा प्रयत्न करू नका, रोटर थोडा हलवून परत बघा. रेघ रेघेला जुळवा, बोल्ट आवळा, नळी आणि कप्लर लावा. सुरू झाल्यावर शक्य असेल तर टायमिंग लाइट लावून एकदा खात्री करा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांवर.

एक गोष्ट विसरू नका: कॅप काढल्यावर आतही ऑइल दिसतंय का? आत ऑइल असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचं आतलं सील गेलंय, बाहेरच्या ओ-रिंगने ते थांबणार नाही. मग डिस्ट्रिब्युटर उघडून सील बदलावं लागतं किंवा दुसरा बसवावा लागतो.

टॅपेट कव्हर. इंजिन थंडच हवं. वरच्या पाइपा आणि तारा बाजूला करा, १०च्या गोटीने नट खोला. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोड्याने बाजूने टिचकी मारा, मध्ये पट्टी घालून उचकटू नका. जुनं पॅकिंग आणि कुणी लावलेलं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. खरवडताना हेडच्या उघड्या भागावर फडकं टाकून ठेवा, कण आत पडले तर ऑइलबरोबर खाली जातील. कव्हर काचेवर पालथं ठेवून बघा, डुगडुगलं तर ते वाकलंय. बहुतेक वेळा जोरात आवळल्यामुळेच वाकतं. नवं पॅकिंग कोरडंच खाचेत बसवा. नटांखालच्या रबरी वॉशरही बदला, तिथूनही झिरपतं आणि दोष पॅकिंगला जातो.

आवळायचं मधून बाहेर, आडवेतिडवे, दोन टप्प्यांत. हे लहान नट आहेत, पाच-सहा न्यूटन-मीटर म्हणजे लांब रॅचेट नको, गोटीची मूठ धरून मनगटाने जेवढं जाईल तेवढंच. गळतंय म्हणून आणखी आवळणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक. रबर बाहेर सरकतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

सातपूर_टूलरूम

ओ-रिंग घेताना जुनी रिंग दुकानदारापुढे ठेवून तिच्या मापाची घेऊ नका. ती चपटी झालेली असते, मापात फसवते. मारुतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मागा. मिळालीच नाही तर खाचेची रुंदी, खोली आणि व्यास व्हर्निअरने मोजा. सातपूर-अंबडला एमआयडीसीच्या आसपास रबर सीलच्या दुकानांत त्या मापाची मिळेल. रिंगची जाडी खाचेच्या खोलीपेक्षा थोडी जास्त हवी, दाबली गेली तरच ती सील करते. मागताना व्हिटॉनची मागा. साधी काळी नायट्राइल रिंग शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास सतत राहिली की काही वर्षांत कडक होते, व्हिटॉन २०० अंशांपर्यंत टिकतं. किमतीत फरक आहे, पण दोन्ही मिळून दोन चहांच्या पलीकडे जात नाही. रिंगवर सिलिकॉन अजिबात लावायचं नाही.

सिलिकॉनबद्दल जरा जोर देऊन सांगतो. चेंबर काढल्याशिवाय त्याच्या कडेला बाहेरून सिलिकॉन फासणं हा उपाय नाही, तेलकट पत्र्याला ते धरतच नाही. आणि चेंबर काढून बसवताना भरभरून लावणं तर धोक्याचं. आत वळलेली सिलिकॉनची कड सुटते, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते आणि इंजिन ऑइलविना मरतं. चेंबर कधी काढलाच तर दोन्ही कडा थिनरने पूर्ण कोरड्या करा, बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर उचलला गेला असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट करा. मग ३ मि.मी. जाडीची एकच सलग धार, भोकांच्या आतल्या बाजूने. बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास. रात्रभर वाळू द्या, मग ऑइल भरा. तुमच्या चेंबरची कड कोरडी आहे, सध्या हात लावू नका.

ड्रेन नट: त्याचं वॉशर एकदाच वापरायचं असतं. दरवेळी तेच लावतात, मग गळतं म्हणून जोर लावतात आणि आटे जातात. पुढच्या ऑइल बदलीला नवं वॉशर घाला आणि ३५ न्यूटन-मीटरवर थांबा. टॉर्क पाना नसेल तर वीतभर लांबीच्या पान्याने एका हाताने घट्ट वाटेपर्यंत, त्यावर उभं राहून नाही. आटे आधीच ढिले असतील तर टेफ्लॉन गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. सुटलेला तुकडा पुन्हा त्याच जाळीकडे जातो. चेंबर उतरवून नवा नट वेल्ड करून घेतला तर कायमचं काम होतं.

ऑइल प्रेशर स्विच मात्र अपवाद आहे. त्याचे आटे निमुळते असतात, तिथे टेफ्लॉन टेप चालते, १२ ते १५ न्यूटन-मीटर, पहिले दोन आटे मोकळे सोडून. स्विचची वायर काढल्यावर टोपीच्या आत ऑइल दिसलं तर स्विच आतून फुटलाय, तो बदलायचाच.

घाट_उतार

ऑइल बदलणारच असाल तर फिल्टरही बदला. जुना फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर पहिल्या मोठ्या रेसला ऑइलचा फवारा उडतो. नव्या रिंगला ऑइल लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, त्यापुढे पाऊण फेरा, तोही हातानेच.

ऑइल आधी तीन लिटर भरा, दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून थोडं थोडं वाढवा. वरच्या खुणेच्या पुढे नाही. जास्त भरलेलं ऑइल क्रँकने घुसळलं जातं, फेस होतो, ब्रीदरमधून एअर फिल्टरकडे जातं, आणि तुम्हाला वाटतं अजून गळतंय.

निफाडचा_गारठा

उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या खालच्या टोकाशी पुढे कधी ओल दिसली तर ती वेगळी गळती असते आणि ती पुढे ढकलायची नाही. तिथे कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील आहे. ते ऑइल टायमिंग बेल्टवर पडतं, रबर फुगतं, दात सुटतात. सील बदलताना बेल्ट भिजलेला असेल तर पुसून परत लावायचा नाही, नवाच घालायचा. १ लाख ३८ हजारांत बेल्ट कधी बदललाय त्याची नोंद नसेल तर गळतीची वाट न बघता बेल्ट, टेन्शनर आणि दोन्ही सील एकदमच करून टाका. मजुरी एकदाच लागते.

झेन_एमएच१५

काम झालं. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग व्हिटॉनची घातली, कॅपच्या आत ऑइल नव्हतं. जुनी रिंग एका बाजूने पूर्ण चपटी होती आणि वाकवल्यावर तुटली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि वॉशर बदलले. टायमिंग लाइटने बघितलं, रेघेवर बसवल्यामुळे टायमिंग जागच्या जागी आहे. तीन रात्री पुठ्ठा कोरडा. डिपस्टिकवर खूण करून ठेवलीय, ५०० कि.मी.नंतर पातळी सांगतो. टायमिंग बेल्टची नोंद कुठेच नाही, तेही पुढच्या महिन्यात करून घेतो.

एकच राहिलं. धुताना निघालेलं काळं रॉकेल बादलीत आहे आणि पुढच्या आठवड्यात जुनं ऑइलही निघेल. हे टाकायचं कुठे?

दहाबाराचा_पाना

गटारात किंवा पावसाळी नाल्यात अजिबात नको. आपल्याकडचे नाले नासर्डीला आणि तिथून गोदावरीला मिळतात. मातीत ओतलं तर जवळच्या बोअरचं पाणी नासतं. जुनं ऑइल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, रॉकेल वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, मिसळू नका. मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे वापरलेल्या ऑइलचे ड्रम असतात आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्यांना देतात. तिथे विचारून कॅन देऊन या. जुना फिल्टर उलटा करून रात्रभर निथळू द्या, तोही त्याच फेरीत द्या.

पेव्हर ब्लॉकवरच्या डागावर कोरडं सिमेंट किंवा लाकडाचा भुसा दोन दिवस पसरून ठेवा, झाडून काढा, मग कपड्यांच्या साबणाची दाट पेस्ट लावून तारेच्या ब्रशने घासा. जुना डाग एका खेपेत जात नाही, दोन-तीनदा करावं लागेल. आणि ५०० कि.मी.चा आकडा नक्की टाका. पातळी १०० मिलिपेक्षा जास्त उतरली असेल तर व्हॉल्व्ह सीलकडे वळू.